दोनदा ऐकलेलं

तासाला बावीस युरो, वर जाण्यायेण्याचं भाडं.
डुइसबुर्गच्या पोलीस ठाण्यात मी दुभाषी होते.
साहेब जर्मनमध्ये विचारायचे, मी तुर्कीत वाढायचे,
पंगतीत परक्या घरचं अन्न वाढावं
तसं, चवीची जबाबदारी न घेता.

रिफत कोजाबाश. बूट शिवणं, किल्ल्या घासणं,
रेल्वेपुलाखाली सात फुटांचं दुकान.
त्याचा इल्कर, वय एकोणीस, तिथंच सापडला.
मशीन चालू,
अर्धी घासलेली किल्ली पकडीत तशीच.

पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं:
तुमच्या लोकांत पोरांना असंच मारतात का?
मी म्हटलं: साहेब विचारतात, कुणाशी वैर होतं का?
मऊ केलं. गाळून घेतलं.
वाटलं, पुण्य केलं.

मग कर्ज. मग गांजा. मग भाऊ काय करतो.
मग त्याची नखं तपासली, आतल्या काळ्यासाठी.
ते बुटाचं पॉलिश होतं.

साक्षीदार एकच, समोरचा डेटलेफ शिमानिएट्झ,
तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेला.
म्हणाला, दोघं पळाले, त्यांच्यातलेच.
पाहिलं काहीच नव्हतं त्यानं,
पडदा लावून फुटबॉल बघत होता.
पण "त्यांच्यातलेच" हा शब्द तोंडात तयार होता,
दाढेखाली धरलेल्या तंबाखूसारखा.
त्याचा आजा पोलंडहून आला तेव्हा
याच गल्लीनं त्यालाही हाच शब्द थुंकून दाखवला होता.

फेब्रुवारीत त्याचा टोर्बेन
मोटारसायकलसकट कालव्यात गेला.
बापानं गॅरेज आवरायला घेतलं.
पान्यांच्या डब्यात, तेलकट फडक्यात,
कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, लाल दोऱ्यात ओवलेला.
लाल दोरा त्या भागात एकच माणूस वापरायचा.
कशासाठी, ते डब्यात नव्हतं.

अकरा महिने डबा पलंगाखाली.
रात्री उठून मोजायचा. चौदा.
एखाद्या रात्री तेरा भरल्या की
त्याला हलकं वाटायचं, मग पुन्हा मोजायचा.
मेलेल्या पोराला आता कोण काय करणार,
हे तो कालव्याच्या कडेनं चालताना मोठ्यानं म्हणे.
पाणी काही म्हणत नसे.

जानेवारीत तो डबा घेऊन ठाण्यात आला.
रिफतला बोलावलं, मलाही.
साहेब तेच, फक्त आता खिडकीबाहेर बघणारे.
डेटलेफ म्हणाला:
माझ्या मुलानं केलं.
मी खोटं बोललो तेव्हा मला माहीत नव्हतं,
माहीत झालं तेव्हा मी बोललो नाही.
दोन्ही माझ्या नावावर लिहा.

मी तोंड उघडलं. शब्द चाळू लागले,
कुठला मऊ करावा, कुठला गाळावा.
रिफतनं हात वर केला.
"राहू दे, पोरी," म्हणाला,
आणि तो जर्मनमध्ये म्हणाला,
कोळशाच्या, बाजाराच्या, इथल्याच जर्मनमध्ये.
"चौतीस वर्षं या गावाचे बूट शिवतोय.
दुभाषी हवी का, हे कुणी विचारलंच नव्हतं."

म्हणजे त्यानं ते ऐकलं होतं.
आणि पाठोपाठ माझं ते गाळीव वाक्य.
दोन्ही.

त्यानं दोरा सोडला, किल्ल्या टेबलावर पसरल्या.
"पंधरा होत्या," म्हणाला.
"पंधरावी मशीनमध्ये राहिली."

मग बराच वेळ घड्याळच चालू होतं.

"तुझ्या पोराला पाण्यातून काढलं तेव्हा
पायांत बूट होते?"
"एकच."
"कुठल्या पायात?"

डेटलेफ डावा म्हणायला गेला
आणि टेबलाची कड धरून हळूहळू खाली बसला.
रिफतनं हात पुढे केला नाही.
माफ केलं असंही म्हणाला नाही.
आपली खुर्ची मात्र
पायानं त्याच्याकडे सरकवली.

मी त्या दिवसाचं बिल पाठवलं नाही.
या वेळी पुण्य वगैरे काही वाटलं नाही.